संकटकाळात दिव्यांग तरुणीचे अन्न आणि उत्पन्न कसे सांभाळावे : खान्देशातील कुटुंबांसाठी व कार्यकर्त्यांसाठी

खान्देशातील बहुतेक संकटांचा हंगाम ठरलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जूनच्या तोंडावर वादळी वारे रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करतात, पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा मिळतो, दरड कोसळली की चांदसैली घाट बंद पडतो, आणि दिवाळीनंतर सातपुड्यातील पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात पाणी शिरले तसे अवचित संकटही येते, आणि २०२० च्या टाळेबंदीची तर कोणालाच कल्पना नव्हती; तरीही ज्या घराने नेहमीच्या हंगामी संकटांची तयारी ठेवली आहे, त्याला अवचित संकटातही तीच तयारी उपयोगी पडते. ही तयारी घरातील दिव्यांग तरुणीच्या बाजूने कशी करावी, हे येथे मांडले आहे. तिचे आईवडील, बचत गटातील बाया, आशाताई, ग्रामसेवक आणि अर्थातच ती स्वतः, असे या मजकुराचे वाचक धरले आहेत.

संकटात गावात धान्यच नसते, असे क्वचित घडते. धान्य असते, परंतु ते कोणाच्या ताटात किती पडायचे याचा निर्णय चुलीपाशी होतो आणि तेथे चालता न येणाऱ्या, न दिसणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या मुलीचा क्रम बहुधा शेवटचा लागतो. ‘ती घरमाच ऱ्हास, तिले कितलं लागस?’ (ती घरातच असते, तिला कितीसे लागते?) हे वाक्य मी अनेक ओट्यांवर ऐकले आहे. ते बोलणारी आई दुष्ट नसते. जो मजुरीला जाणार त्याला आधी भाकरी, हा तंगीतल्या घराचा जुना हिशेब ती पाळत असते. या हिशेबापुढे उपदेश टिकत नाही. त्या मुलीच्या नावावर धान्य येत असेल, खात्यावर पैसे जमा होत असतील आणि तिच्या हाताला विकता येण्याजोगे काम असेल, तर मात्र ताटांचा क्रम बदलतो. म्हणून पुढच्या प्रत्येक सूचनेत एकच गोष्ट तपासायची आहे : तिच्या स्वतःच्या नावावर आणि तिच्या हाताशी काय आहे?

आधी कागद, तेही उन्हाळ्यात

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांवाचून पुढचे कोणतेच दार उघडत नाही. केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून नंतर शासकीय रुग्णालयातील तपासणीला जावे लागते. तपासणीचे वार ठरलेले असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबारला जाऊन तसेच परत येणे म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि गाडीभाडे बुडणे होय. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही समावेश आहे, हे सातपुड्याच्या पायथ्याशी अजून पुरेसे पोहोचलेले नाही. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. अशी मुलगी वरून धडधाकट दिसते, म्हणून तिला उसाच्या फडात किंवा मिरचीच्या शेतात भर उन्हात उभे केले जाते. शरीरातील पाणी कमी झाले आणि दमणूक झाली की तिचे हातपाय व पाठ असह्य दुखू लागतात आणि पुढचे कित्येक दिवस कमाई थांबून दवाखान्याचा खर्च सुरू होतो. केवळ वाहक असणे वेगळे आणि आजार असणे वेगळे. प्रमाणपत्र आजारासाठी मिळते. ज्या मुलीच्या तपासणीत आजार निघाला आहे, तिच्या घरच्यांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि तिच्यासाठी सावलीतले काम शोधावे.

दुसरा कागद बँकेच्या पासबुकाचा. खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे आणि पासबुक तिच्याजवळ असावे. भावाच्या खात्यात येणारे तिचे पैसे संकटात सर्वांत आधी खर्च होतात, कारण ते कोणाचे आहेत याचा विसर घराला फार लवकर पडतो. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारण्याचा अधिकार बँकेला नाही. चेहरा दाखवून ओळख पटवताना यंत्र डोळ्यांची उघडझाप मागते आणि काही मुलींना ती करता येत नाही. अशा वेळी पर्यायी पद्धत उपलब्ध असली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला आहे. त्याचा उल्लेख अर्जात केला की शाखेतली भाषा जरा मऊ होते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याची सूचना केली असून, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनदेखील अंगठा घेऊन घरी रक्कम देऊ शकतो. ही सोय रस्ते चालू असतानाच एकदा वापरून पाहावी. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी १८ वर्षांची झाली की आईवडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नसल्यामुळे ऐन अडचणीत खाते अडकून पडलेली घरे आपल्याकडे आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो आणि दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकला की अनुदान बंद पडते आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत महिने जातात, म्हणून ही तारीख घरातल्या कालनिर्णयावर ठळक लिहून ठेवावी. लाडकी बहीण योजना आणि हे अनुदान दोन्ही एकदम मिळवण्याच्या खटपटीत काही जणी पडतात; शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा अधिक मिळत असल्यास लाडकी बहीण योजनेचा लाभ मिळत नाही. दिव्यांगत्वाचे अनुदान रकमेने मोठे आहे, तेव्हा तेच धरावे.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या बरोबर आधी येते. तेथे या निधीचा हिशेब विचारावा आणि गावातील दिव्यांगांची यादी आपत्ती आराखड्यात जोडली आहे का, हेही इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. पण गावातून नाव गेलेच नाही तर जिल्ह्याच्या नोंदीत ते येणार कोठून?

रेशन : अंगठा, पायरी आणि पाच किलो

शिधापत्रिकेवर तिचे नाव आहे का आणि तिची ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. नाव असूनही ई-केवायसी नसेल तर तिच्या वाट्याचे धान्य थांबू शकते, आणि घरातले सगळे दुकानात जाऊन अंगठा देऊन आले तरी नेमकी तीच राहून जाते, कारण तिला दुकानापर्यंत न्यायचे कोणी हा प्रश्न असतो. ‘मेरा ई-केवायसी’ या ॲपवर घरबसल्या चेहरा दाखवून हे काम करता येते. आशाताईने किंवा गटातील मोबाइल जाणणाऱ्या मुलीने एक दुपार काढली तर गल्लीतील सगळ्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची ई-केवायसी उरकते.

कुबडी वापरणाऱ्या मुलींची एक अडचण बाहेरच्याला लक्षात येत नाही. रोज लाकडी मुठीवर भार देऊन बोटांची कातडी घट्टे पडल्यासारखी जाड व गुळगुळीत होते आणि यंत्राला रेषा सापडत नाहीत. एका गावात अशी मुलगी उंच ओट्यावरच्या दुकानाच्या तीन पायऱ्या बसत बसत चढत असे, वर जाऊन अंगठा उमटत नसे आणि रांगेतील माणसे कुरकुरत. पुढे गटातल्या बायांनी दुकानदाराला सांगून यंत्रच खालच्या पायरीवर आणायला लावले. ते हातात मावणारे यंत्र आहे, त्याला ओट्याची गरज नाही. अंगठ्याऐवजी दुसरे बोट, डोळ्यांची बुबुळे किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी यांपैकी जे चालते ते एकदा ठरवून घ्यावे. ती जाऊच शकत नसेल तर प्रतिनिधी नेमण्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा आणि त्याची पोच सांभाळावी. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. हे धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले तर ५ किलो साडेबारा दिवस पुरते आणि उरलेले सतरा-अठरा दिवस घर बाजारावर किंवा स्वतःच्या शेतावर अवलंबून असते; संकटात नेमका हाच भाग तुटतो. ज्या घराची कर्ती व्यक्तीच दिव्यांग आहे आणि उत्पन्नाचे खात्रीचे साधन नाही, ते घर अंत्योदयच्या निकषात बसते. खरोखर वेगळी चूल मांडून राहणाऱ्या दिव्यांग स्त्रीने वेगळ्या शिधापत्रिकेची मागणी जरूर करावी. मात्र ३५ किलोच्या आशेने खोटा विभक्तपणा दाखवू नये, कारण चौकशीत कार्ड रद्द झाले तर पहिला उपवास तिलाच घडतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ‘एक देश एक रेशन कार्ड’ची, म्हणजे त्याच कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य उचलण्याची, सोय नीट समजून घ्यावी. मुलगी आजीजवळ गावी राहिली आणि आईवडील गुजरातमध्ये गेले, तर सगळे धान्य तिकडे न उचलता दोघींपुरते गावी उचलता येते. जाण्यापूर्वी हे दुकानदारासमोर बोलून घ्यावे. आजीचा अंगठा उमटतो का, हेही तेव्हाच पाहावे.

घरातला साठा, आणि पाण्याचा अबोल प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस किमान पंधरा दिवसांचा कोरडा साठा करावा. एका व्यक्तीसाठी सुमारे ६ किलो धान्य किंवा पीठ, सव्वा ते दीड किलो डाळ, अर्धा लिटर तेल, मीठ, तिखट, गूळ आणि शेंगदाणे एवढे धरावे. आपल्याकडील कळण्याच्या पिठात ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे कोरड्या भाकरीनेही अंगाला थोडी प्रथिने मिळतात. नुसत्या तांदळापेक्षा हे पीठ संकटात अधिक कामाचे. चूल पेटणार नाही अशा दोन-तीन दिवसांसाठी फुटाणे, लाह्या, गूळ-शेंगदाणे आणि भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड) वेगळे ठेवावेत. जिला गिळायला त्रास होतो तिच्यासाठी मुगाची पातळ खिचडी किंवा ज्वारीचा घाटा सोयीचा पडतो, म्हणून मूगडाळ आणि भरडा बाजूला काढावा. तिची रोजची औषधे, मग ती फिटची असोत वा सिकलसेलची, महिन्याभराची आधी घेऊन ठेवावीत.

या साठ्यातील एक डबा तिचा असावा आणि तो तिच्या हाताला लागेल अशा उंचीवर असावा. हातात जोर नसलेल्या मुलीला फिरकीचे झाकण उघडत नाही. दाबून बसणाऱ्या झाकणाला सुतळीचा फास बांधला की ते ओढून निघते. घरातील सगळे बांधावर अडकले आणि संध्याकाळपर्यंत कोणी परतले नाही, तर हा डबा तिचे जेवण आहे.

आता ज्याविषयी कोणी बोलत नाही ते. शौचाला नेणारे माणूस घरी नसेल तर मुली पाणी पिणे कमी करतात आणि मग जेवणही कमी करतात. निवारा केंद्रात, पाहुण्यांच्या घरी, फडावर सगळीकडे हेच चालते, आणि ४५ अंशांच्या उन्हात ते जिवावर बेतू शकते. बाहेरून ‘तिची भूकच कमी आहे’ असे दिसते. म्हणून अन्नाची तयारी शौचाच्या सोयीपासून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. प्लॅस्टिकच्या भक्कम खुर्चीच्या बैठकीला मध्ये गोल भोक पाडून कडा घासून घ्याव्यात, खाली झाकणाची बादली ठेवावी आणि पलंगाजवळ जुन्या साडीचा आडोसा करावा. एवढी सोय झाली की ती पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागते. पाळीच्या काळातील कपडे किंवा पॅडही याच कोपऱ्यात, हाताशी असावेत.

कोणते काम तग धरते

तिच्यासाठी काम निवडताना बहुतेक ठिकाणी ‘तिला काय जमेल’ एवढेच पाहिले जाते. त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात : रस्ता पंधरा दिवस बंद राहिला, वीज गेली, मदतीचे माणूस फडावर निघून गेले किंवा कच्चा माल महागला, तर हे काम चालू राहील का? चारही प्रश्नांना होकारार्थी उत्तर देणारे काम मला अजून सापडलेले नाही. त्यामुळे एकाऐवजी दोन कामांची जोडी लावावी. त्यांपैकी एक रोख मजुरीचे असावे आणि दुसऱ्याचा माल विकला गेला नाही तरी घरात खाता यावा.

खाता येणाऱ्या मालात आपल्याकडे बिबडे आणि उडदाचे पापड यांना तोड नाही. बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजवून त्यात तीळ, लसूण, तिखट घालतात आणि ओल्या कापडावर थापून वाळवतात. घाटा ढवळणे हे ताकदीचे आणि चटक्याचे काम आहे, ते गटातील धडधाकट बाईने करावे. थापणे मात्र बसून होते. उडदाचे पीठ कुटून मळणे जड, पण लाट्या तोडणे आणि पापड लाटणे बसून जमते. पायात पोलिओ असलेल्या मुलीला जमिनीवर तासन्‌तास बसवल्यास कंबर धरते, तेव्हा तिच्या खुर्चीच्या मापाचे टेबल करून पोळपाट त्यावर घट्ट बसवावा. दृष्टिहीन मुलीच्या लाटण्याच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीच्या रबरी कड्या चढवल्या की पापडाची जाडी आपोआप सारखी येते, आणि कडेचा गोलावा ती बोटांनीच पाहते. वाळवण गच्चीवर न नेता अंगणातील खाटेवर घालावे; अवकाळी पावसाचे थेंब आले तर खाट ओढून आत घेता येते, गच्चीवर धावता येत नाही. काम सकाळी सहा ते दहामध्येच आटोपावे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास घरोघरी वाळवणाची लगबग असते आणि शहरात नोकरी करणाऱ्या घरांकडून याच वेळी मागणी येते, तेव्हा ऑर्डर फेब्रुवारीपासून घ्याव्यात. रब्बीची दादर ज्वारी निघाली की वर्षभराची ज्वारी तेव्हाच घ्यावी. पावसाळ्यात किराणा दुकानातून चढ्या भावाने घेतलेल्या ज्वारीच्या बिबड्यांत काहीच सुटत नाही. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. लहान व्यवसायाला तिचे शुल्क नाममात्र आहे.

हे काम गटात होत असेल तर मजुरी किलोमागे किती आणि ती कोणत्या दिवशी मिळणार, हे वहीत लिहून तिची सही किंवा अंगठा घ्यावा. ‘तुला बसायला मिळतं, तेवढं पुरे’ अशा भावनेने दिव्यांग मुलीला कमी दर लावण्याची खोड चांगल्या गटांनाही असते. ती वेळीच मोडावी.

रोख मजुरीसाठी शिलाई हे सगळ्यांच्या तोंडी असलेले उत्तर आहे आणि ते अर्धेच बरोबर आहे. पायडलचे यंत्र पायाने अधू मुलीला वाटल्याची छायाचित्रे मी पाहिली आहेत. तिला हाताने फिरवण्याचे चाक आणि वर मोटार, असे दोन्ही असलेले यंत्र हवे, म्हणजे वीज असताना वेग मिळतो आणि जूनच्या वादळात तारा तुटल्या तरी काम बंद पडत नाही. शाळेच्या गणवेशाचे काम उन्हाळ्याच्या अखेरीस येते, तेव्हा धागा, बटणे व सुया आधी भरून ठेवाव्यात.

नंदुरबारच्या बाजारात मिरचीची देठे खुडण्याची मजुरी बसून मिळते, म्हणून ती सोपी वाटते; परंतु मिरचीच्या खाटाने (ठसक्याने) दमा उठतो आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला तर दिवस वाया जातो. श्वासाचा त्रास असलेल्या किंवा बारीक दृष्टी उरलेल्या मुलीला तेथे पाठवू नये. शेळ्या जरूर पाळाव्यात, पण दोन-तीनच आणि बांधून, तुरीचा भुसा व झाडपाला घालून. चारायला नेणारा भाऊ फडावर गेला की मोठा कळप अंगावर येतो. घरातली किराणा टपरी हा पर्याय मी सहसा सुचवत नाही. संकटात सगळा गाव उधारी मागतो, तिला नकार देणे सर्वांत अवघड जाते आणि दोन महिन्यांत भांडवल वहीत अडकते.

रोजगार हमीची मागणी तिनेही करावी. लेखी मागणी देऊन तारखेची पोच घेतल्याशिवाय काम किंवा बेकारी भत्ता यांपैकी काहीही पदरात पडत नाही, हा महाराष्ट्रातला जुना धडा आहे. पाणी पाजणे, लहान मुले सांभाळणे, हजेरी लिहिणे ही कामे साइटवर असतातच. ती दिव्यांग मजुरांना द्यावीत, असा आग्रह ग्रामसभेत धरावा.

गट आणि भांडवल

उमेद या बचत गटांच्या शासकीय अभियानात दिव्यांगांचा स्वतंत्र गट पाच सदस्यांचाही चालतो. तरीही वस्ती लहान असेल तर मिश्र गट बरा, असे मला वाटते, कारण पूर आल्यावर पाच जणींपैकी पाचही जणींना दुसऱ्याचा खांदा लागत असेल तर गट कागदावरच राहतो. मिश्र गटात दोन अटी घालाव्यात. बैठक महिन्यातून एकदा तिच्या ओट्यावर व्हावी आणि पदाधिकाऱ्यांत ती असावी. पाच-सहा सभासदांची बचत एका अडचण निधीत वेगळी ठेवून, तिच्यातून व्याजाविना धान्यासाठी उसने देण्याचा ठराव आधीच करून ठेवावा.

अधिनियमाच्या कलम ३७ नुसार गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के राखीव असून त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे; अर्जात हे कलम लिहावे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान आहे आणि गटाच्या सभासदाला बीजभांडवल म्हणून ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र ग्राहक ठरण्यापूर्वी यंत्रासाठी कर्ज घेऊ नये. एक हंगाम हाताने काम करून, कोणत्या गिऱ्हाइकाने पुन्हा ऑर्डर दिली ते पाहून, मगच यंत्राकडे वळावे.

इशारा आल्यानंतर

दवंडी आणि भोंगा बहिऱ्या मुलीपर्यंत पोहोचत नाहीत, मोबाइलवरचा लेखी संदेश दृष्टिहीन मुलीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकीसाठी शेजारची दोन माणसे नावानिशी ठरवावीत, आणि त्यांत किमान एक बाई असावी. त्यांनी तिला कसे उचलायचे, कोणती गोष्ट बरोबर घ्यायची, हे एकदा पावसाळ्यापूर्वी करून पाहावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. बरोबर न्यायची पिशवी छोटी असावी : कागदांची प्लॅस्टिकची थैली, औषधे, तिचा डबा, पाण्याची बाटली, कपडे आणि कुबडी किंवा श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. भोकाची खुर्चीही न्यावी.

निवारा बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. शौचालयाजवळची, पायरी नसलेली खोली आधी मागून घ्यावी, रात्री तिच्या दोन्ही बाजूंना ओळखीच्या बायांनी झोपावे, आणि जेवणाच्या रांगेत तिचे ताट आणणाऱ्या व्यक्तीचे नाव गटाने ठरवावे. कोणी आणेल असे गृहीत धरले की कोणीच आणत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे एक कलम माहीत असू द्यावे. जिच्यावर एखाद्याचा ताबा किंवा जबाबदारी आहे अशा दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी न देणे, हा कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. छळाची तक्रार कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तालुक्यात तहसीलदारांकडे करता येते. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. तंगीने गांजलेल्या आईवर हे कलम उगारू नये. ज्या घरात अनुदान हडपून मुलीला उपाशी ठेवले जाते, त्या घरासाठी ते आहे.

पाणी ओसरल्यावर

पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा घर, गुरे, भांडी यांची नोंद होते आणि तिचे यंत्र ‘घरातील सामान’ म्हणून वाहून जाते. तिच्या कामाची अवजारे, कच्चा माल आणि तयार माल यांची छायाचित्रे तारखेसह मे महिन्यातच काढून ठेवावीत, खरेदीच्या पावत्या कागदांच्या थैलीत घालाव्यात आणि पंचनाम्यात तिचे नाव कारागीर म्हणून स्वतंत्र लिहायला लावावे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती साहाय्य निकषांत हातमाग व हस्तकला कारागिरांना अवजारांसाठी ५ हजार आणि कच्च्या मालासाठी ५ हजार रुपयांची तरतूद होती. शिलाई किंवा तत्सम काम त्यात बसवणे अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते, आणि त्या वेळी गटाची वही व गिऱ्हाइकांच्या नोंदी हाच पुरावा ठरतो. कुबडी, तीनचाकी, श्रवणयंत्र वाहून गेले असल्यास तेही याच पंचनाम्यात लिहून घ्यावे, कारण ते मिळेपर्यंत ती कामावर परतू शकत नाही.

भिजलेले धान्य वाळवून पुन्हा डब्यात भरण्याचा मोह होतो. बुरशीचा वास असलेले धान्य किंवा पीठ माणसाला घालू नये, शेळ्यांनाही नाही. ओल लागलेले शिलाई यंत्र उघडून, पुसून, तेल देऊन वाळू द्यावे आणि मोटार कारागिराने तपासल्याशिवाय वीज जोडू नये. अशा दिवसांत गावात फिरणारे व्यापारी यंत्र, शेळी, चांदीची जोडवी असे सगळे पडत्या भावाने उचलतात. आधी अडचण निधीतून धान्य घ्यावे, अनुदान खात्यावर आले का ते पाहावे, ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीसाठी अर्ज टाकावा. विकायचेच झाले तर आधी शेळी विकावी, यंत्र सगळ्यात शेवटी. गटाने पहिल्या आठवड्यातच तिला एखादी लहान ऑर्डर, निवाऱ्यातल्या मुलांच्या कपड्यांची दुरुस्ती किंवा मदत स्वयंपाकघरासाठी डाळ निवडण्याचे काम, मजुरी ठरवून द्यावे आणि ती मजुरी तिच्याच खात्यावर जमा करावी.